दोन किल्ल्या का नकोत: ईएसपीच्या एका कुलपाचा इंडेंट

साखर कारखान्यातल्या बगॅस (उसाचं चिपाड) जाळणाऱ्या बॉयलरच्या ईएसपीवर, म्हणजे धुरातली राख विजेने ओढून घेणाऱ्या यंत्रावर, अर्थिंग स्विचचं (आतली वीजवाहिनी जमिनीला जोडणाऱ्या स्विचचं) एक कुलूप बदलायचं होतं. बसवायला अर्धा दिवस लागला. मागवायला सात आठवडे.

किल्ल्यांची साखळी अशी. फील्ड (ईएसपीचे विजेचे कप्पे) तीन, टीआर सेट (त्यांना उच्च दाबाची डीसी वीज देणारे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर) तीन. पॅनेलचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद केल्याशिवाय पॅनेलची किल्ली निघत नाही. ती छतावर नेऊन अर्थिंग स्विचला लावायची. हँडल 'अर्थ'वर पूर्ण बसलं की दुसरी किल्ली सुटते आणि पहिली तिथेच अडकते. अशा तिन्ही फील्डच्या किल्ल्या एक्स्चेंज बॉक्समध्ये फिरवल्या, की दारांच्या किल्ल्या मोकळ्या होतात. काम एकाच फील्डमध्ये असलं तरी तिन्ही लागतात, कारण केसिंग (बाहेरचं कवच) एकच आणि शेजारी ४०–५० हजार व्होल्ट डीसी.

आमच्या दुसऱ्या फील्डची किल्ली अर्ध्यातच अडकायची. कोणीतरी कुलपात तेल सोडलं होतं. राख आणि तेल मिळून आत लुकण तयार झालं. अशा कुलपात कोरडी ग्रॅफाइट पावडरच घालावी.

आता इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र. स्टोअरने सवयीने लिहिलं, 'कुलूप १ नग, किल्ल्या २'. पुरवठादाराने कागद परत पाठवला: जादा किल्ली मिळणार नाही, आणि कोड कुठे आहे? बरोबरच होतं त्याचं. कोड किल्लीवर कोरलेला असतो, आमच्या किल्लीवरचा झिजलेला. ड्रॉइंग शोधण्यात दहा दिवस गेले. मग खरेदी विभागाने तीन कोटेशनं मागितली. दुसऱ्या बनावटीचं कुलूप या साखळीत चालतच नाही, हे लेखी द्यावं लागलं. तेही झाल्यावर शेवटची हरकत: "साहेब, एकच किल्ली कशी? हरवली तर?"

हरवली तर काम थांबतं, आणि थांबायलाच हवं. या कुलपाची सगळी करामत किल्ली एकच असण्यात आहे. पॅनेलच्या किल्लीची जोडी, म्हणजे तशीच दुसरी किल्ली, कोणाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर वरच्या किल्ल्या सोडवून माणूस हॉपरजवळच्या (राख साठणाऱ्या नरसाळ्याजवळच्या) दारातून आत जाईल आणि खाली दुसरा त्याच जोडीने पॅनेल चालू करेल. हेच मी तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा चित्र काढून. शेवटी 'किल्ली: १, कारण सुरक्षा' असा शेरा मारून इंडेंट सुटला. त्या चित्राची मला अजून घमेंड आहे.

याच भानगडीत पॅनेल रूममध्ये उभारणीच्या वेळची एक जादा किल्ली सापडली. ती कापून टाकली. तुमच्याकडेही शोधा, बहुधा सापडेल.

बसवल्यावर चाचणी उलटी करायची: हँडल अर्ध्यावर ठेवून किल्ली निघते का बघा. निघाली तर बोल्टची चाल जुळलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. आत जाणाऱ्याने न उघडलेल्या एखाद्या दाराची किल्ली खिशात ठेवावी. ती परत येईपर्यंत एक्स्चेंज बॉक्स तिन्ही किल्ल्या सोडत नाही, मागून कोणी दार लावलं तरी. आतल्या उच्च दाबाच्या तारांवर चार्ज उरू शकतो, म्हणून दारात अर्थिंग रॉड आधी लावा. रॅपिंग मोटर (ठोकून राख पाडणारी) आणि हॉपरखालचा रोटरी व्हॉल्व्ह (राख बाहेर काढणारा) आमच्या साखळीत नव्हते, त्यांना वेगळं कुलूप लावावं लागतं.