गेंडा हळूच निघाला

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवा होणार, इतक्यात साडेचार वर्षांची भाची एक पुस्तक घेऊन आली, काही न बोलता तिने ते माझ्या पोटावर ठेवले आणि ती शेजारी सरकून बसली. पुस्तकात एक गेंडा होता. घरातली सगळी मंडळी झोपलेली असताना त्याला एकट्याने बाहेर फिरून यायचे होते, आणि मजकूर एवढाच होता की गेंडा पलंगावरून हळूच उतरला, गेंडा स्वयंपाकघरातून हळूच गेला, गेंड्याने दार हळूच लोटले, आणि कुणालाही काही कळले नाही. मी झोपेला एका हाताने थोपवून वाचत होतो, तरी ‘हळूच’ हा शब्द दर वेळी शक्य तितका कुजबुजत उच्चारण्याइतकी निष्ठा माझ्यात होती. पहिल्या ‘हळूच’ला भाची खुदकन हसली. दुसऱ्याला मी आवाज आणखी खाली नेला, ती आणखी जोरात हसली. आपल्या वाचनात अजून काही दम आहे, अशी माझी तीन पाने समजूत होती. चौथ्या पानावर ध्यानात आले की ती हसताना माझ्याकडे पाहतच नाही. म्हणून मान उचलून मीही पाहिले. गेंड्याच्या शिंगात टेबलक्लॉथ अडकला होता. टेबलक्लॉथच्या टोकाला किटली, किटलीच्या कानात खुर्चीचा पाय आणि खुर्चीत गाढ झोपलेले मांजर, अशी सगळी वरात गेंड्यामागून फरफटत चालली होती, आणि मी मात्र तिच्या कानाशी लागून सांगत होतो की कुणालाही काही कळले नाही.

‘‘मामा, तुला दिसलंच नाही?’’ तिने विचारले. स्वरात चेष्टा नव्हती, काळजी होती.

दिसले नव्हते, हे खरेच होते. ज्याला वाचता येते त्याची नजर ओळीला बांधलेली असते. ओळ संपली की तो पान उलटायला मोकळा होतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नजरेला दुसरे कामच नसते, त्यामुळे ती पानभर हिंडते, कोपऱ्यात शिरते, पलंगाखाली वाकून पाहते आणि मांजर शोधून काढते. त्या दुपारी त्या खोलीत दोन माणसे होती, त्यांपैकी विनोद कळला तो अक्षरशत्रूला. मला असे वाटते की हसवणारी चांगली चित्रपुस्तके मुद्दाम याच हिशेबाने रचलेली असतात. मजकूर मोठ्यांच्या ताब्यात द्यायचा, चित्र मुलांच्या, आणि मजकुरात जे नाही ते सगळे चित्रात ठेवायचे. मोठ्याने आपल्या भारदस्त आवाजात खोटे वाचत राहावे आणि छोट्याने ते पकडावे, असा हा डाव असतो, आणि आपण डावात आहोत हे मोठ्याला ठाऊक नसेल तर तो अधिकच रंगतो.

ही युक्ती आजची नव्हे. रॅन्डॉल्फ कॅल्डेकॉट नावाच्या इंग्रज चित्रकाराने बँकेतली कारकुनी सोडून कुंचला धरला आणि १८७८ पासून तो दर नाताळाला मुलांसाठी दोन-दोन चित्रपुस्तके काढू लागला. त्याने १८८२ साली एका जुन्या बडबडगीताची चित्रे काढली. गाणे चार-सहा ओळींचे, मांजर सारंगी वाजवते, गाय चंद्रावरून उडी मारते आणि शेवटी बशी चमच्याला घेऊन पळून जाते, एवढेच. गाणे तिथे संपते, पण कॅल्डेकॉट थांबत नाही. पान उलटले की एक चित्र आहे, ज्याखाली शब्दच नाही: बशी फुटून पडलेली आहे आणि चमच्याला सुरी व काटा, म्हणजे बहुधा त्याचे आईवडील, दोहो बाजूंनी धरून घरी नेत आहेत. मोठ्याने वाचणारा माणूस ‘पळून गेली’ असे म्हणून हसत हसत पुस्तक मिटायच्या बेतात असतो आणि मूल मात्र त्या फुटलेल्या बशीकडे बघत बसलेले असते. पुढे १९६८ मध्ये पॅट हचिन्स यांनी तर ‘रोझीज वॉक’ या पुस्तकात कमालच केली. एक कोंबडी आवारात फेरफटका मारून जेवायच्या वेळेला घरी येते, एवढे सांगणारे एकच वाक्य, इंग्रजीत मोजून ३२ शब्दांचे, आणि ते पुस्तकभर पसरलेले. कोंबडीच्या मागे पहिल्यापासून एक कोल्हा लागलेला आहे, तो दाताळ्यावर पाय देऊन तोंड फोडून घेतो, तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत बुडतो, शेवटी मधमाश्यांच्या तावडीत सापडतो. परंतु त्या ३२ शब्दांत ‘कोल्हा’ हा शब्द एकदाही येत नाही. कोंबडीला तो दिसत नाही, मजकुराला दिसत नाही, आणि माझ्यासारखा वाचक असेल तर त्यालाही दिसत नाही.

माझ्या आत्याला तो नक्कीच दिसला नसता, आणि दिसला असता तर खपला नसता. मला लहानपणी पुस्तके वाचून दाखवण्याचे काम आत्याकडे होते, आणि ते ती न्यायालयातल्या कारकुनाच्या निष्ठेने करीत असे. मुखपृष्ठावरच्या पहिल्या अक्षरापासून मलपृष्ठावरच्या शेवटच्या अक्षरापर्यंत जे जे छापले आहे ते ते ती वाचे. मुद्रक, प्रकाशक, पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती आणि ‘सर्व हक्क स्वाधीन’. त्यामुळे गोष्टीची सुरुवात अशीच होत असते, असा माझा कैक वर्षे समज होता, आणि स्वाधीन हे कुणाचे तरी नाव असणार याबद्दल तर मला शंकाच नव्हती. सर्व हक्क असलेला हा स्वाधीन गोष्टीत कधी येतो याची मी वाट पाही. एका पुस्तकात प्रत्येक चित्रात मागे एक रोडावलेले अस्वल नुसतेच हाताची घडी घालून उभे असे; गोष्टीत त्याचा उल्लेख नव्हता, काम नव्हते, तरी कुणी त्याला हाकलत नव्हते. तोच स्वाधीन, हे मी मनाशी ठरवून टाकले. हे आत्याला सांगितले तेव्हा तिने मला ‘स्वाधीन’ या शब्दाचा अर्थ नीट समजावून दिला, आणि त्यानंतर ते अस्वल मला जरा गरीब वाटू लागले.

आत्याची दुसरी रीत अशी की ती पुस्तक स्वतःपुढे धरी, पानावरचा मजकूर संपवी आणि मगच, वकिलाने पुरावा दाखवावा तसे पुस्तक माझ्याकडे वळवी. म्हणजे आधी ऐकायचे आणि मग बघायचे. एकदा तिने वाचले, ‘‘एवढा मोठा आवाज झाला, पण सिंह मुळीच घाबरला नाही.’’ तिचा स्वर असा काही खणखणीत होता की मी डोळ्यांपुढे छाती काढून उभा राहिलेला सिंह आणला. मग पुस्तक वळले. खोलीत कुणीच नव्हते. पलंगाखालून फक्त शेपटीचा गोंडा बाहेर आला होता. मी इतका हसलो की मला ठसका लागला. आत्याने पुस्तक पुन्हा स्वतःकडे वळवले, मजकूर पुन्हा वाचला, चित्र पुन्हा पाहिले, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली, ‘‘चित्रकाराने मजकूर वाचलेला दिसत नाही.’’ तेवढ्यावर न थांबता तिने पेन्सिल आणून गोंड्याशेजारी एक बारीकसे प्रश्नचिन्ह काढले. ते पुस्तक पुढे कितीदा वाचले असेल ते सांगता येणार नाही, पण हसायला सिंहाची शेपटी जास्त कारणीभूत होती की ते प्रश्नचिन्ह, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

मोठे झाल्यावर या पुस्तकांकडे मी जरा कारागिराच्या नजरेने बघू लागलो, आणि बघता बघता त्यांच्याविषयी काही हट्टही बाळगू लागलो. ही पुस्तके बहुतेक करून ३२ पानांची असतात, त्याचे कारण मुलांच्या मानसशास्त्रात नसून छापखान्यात आहे: मोठ्या कागदाच्या घड्या पडून सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि दोन फर्म्यांत पुस्तक बसते. त्यातून नावाचे पान आणि स्वाधीनचे पान वजा केले की हाती चौदा-पंधरा जोडपाने उरतात. एवढ्यात गेंड्याला उठवायचे, फिरवायचे आणि परत आणायचे. म्हणूनच या पुस्तकात पान उलटणे ही सर्वांत मोलाची गोष्ट असते. नाटकात पडदा जे काम करतो ते इथे उजव्या पानाचा खालचा कोपरा करतो. ‘दार उघडले, आणि समोर...’ असे म्हणून तो कोपरा दोन बोटांत धरून ठेवता आला पाहिजे, मुलाचा श्वास अडकेपर्यंत धरून ठेवता आला पाहिजे. ज्या पुस्तकात ‘समोर’ काय आहे ते त्याच जोडपानावर छापलेले असते, त्याच्या संपादकाने कधी कुणाला पुस्तक वाचून दाखवले नसावे असा माझा पक्का संशय आहे.

तसाच राग मला शेवटच्या पानावरच्या प्रश्नांचा येतो. गेंड्याने घरभर गोंधळ घालून झाल्यावर चौकटीत कुणीतरी विचारते, ‘गेंड्याकडून आपण काय शिकलो?’ काहीही शिकलो नाही. शिकायचे असते तर गेंड्याकडे कशाला गेलो असतो? त्याखालोखाल राग येतो तो वाचता वाचता मध्येच थांबून ‘हा कोणता रंग? इथे बदके किती?’ अशी परीक्षा घेणाऱ्या वडीलधाऱ्यांचा. सिंह पलंगाखाली आहे, वातावरण तंग आहे, आणि यांना बदके मोजायची आहेत.

वाचून दाखवताना खरी कसोटी लागते ती पडण्या-आपटण्याच्या शब्दांत. आपल्या भाषेने याबाबतीत आपली चंगळ करून ठेवली आहे. टुणकन उडी मारणारा आणि धपकन पडणारा हे दोघे वेगवेगळ्या वजनाचे असतात. बदक टुणकन उडेल, गेंडा उडणार नाही. पाण्यात पडला तर डुबुक, चिखलात पडला तर पचकन, काचेचे काही घेऊन पडला तर खळ्ळकन. भाचीच्या मते तर ‘धपकन’ आणि ‘धप्पकन’ यांतही फरक आहे. पहिल्यात फक्त पडणे आहे, दुसऱ्यात लागणे आहे. गेंडा ‘धपकन’ पडतो असे छापले असताना मी उत्साहाच्या भरात ‘धप्पकन’ म्हणालो, तर तिने मला थांबवले. गेंड्याला लागलेले नाही, तो हसतो आहे, असे तिने चित्रात बोट ठेवून दाखवून दिले. लागलेले नव्हतेच.

याच कारणाने पाने गाळण्याचा प्रयत्न कुणी करू नये. मी केला आहे. रात्री तेच पुस्तक चौथ्यांदा समोर आले असता दोन पाने एकदम चिमटीत धरून उलटण्याची कला मला साधली आहे असे मला वाटत होते. भाची काही बोलली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला, पान मागे घेतले आणि गाळलेले वाक्य ‘हळूच’सह स्वतः म्हणून दाखवले, पुढचे चालू ठेवण्याची मला परवानगी दिली. ज्या मुलांना अक्षर ओळखता येत नाही त्यांचा मजकूर असा तोंडपाठ असतो, आणि ज्यांना पानन् पान वाचता येते ते आपण दहाव्या वेळीही नव्याने अडखळतो, तेव्हा वाचता येणे म्हणजे नेमके काय येणे, असा प्रश्न मला त्या रात्री पडला होता. पण तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि गेंडा अजून दारातच होता.

काल पुन्हा तेच पुस्तक आले. या वेळी मी शहाणा झालो होतो. ओळ वाचायची आणि लगेच चित्राकडे पळायचे, असे ठरवून बसलो होतो. मुखपृष्ठावर भाचीचे बोट आले. मला वाटले, शिंग दाखवते आहे. पण बोट चित्रावर नव्हतेच, ते वर नावावर होते. ‘‘हा ग,’’ ती म्हणाली, ‘‘गवताचा ग.’’ मग आत पानापानावर तिचा ‘ग’चा शोध सुरू झाला. पहिल्या ओळीत एक सापडला, दुसऱ्या ओळीत दोन. बोट ओळीखालून सावकाश सरकत होते, ओठ हलत होते, कपाळाला एक बारीकशी आठी पडली होती. मी ‘हळूच’ म्हटले. ती हसली नाही. ती ‘ग’ शोधत होती. चौथे पान आले, टेबलक्लॉथ आला, किटली आली, खुर्ची आली, तिची नजर ओळीवरच होती. मी कोपरा धरून थोडा वेळ थांबलो, आणि मग मांजराकडे बोट मीच दाखवले.