झोपाळ्याच्या कड्या

"सोफा कुठंय?"

दार उघडल्यावर पहिला प्रश्न सात वर्षांच्या मुलाने विचारला. चपला न काढताच तो आत धावला, हॉलभर चक्कर मारून स्वयंपाकघरात डोकावून आला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की तो पिवळा सोफा मीच कुठंतरी दडवलाय. त्याची आई हसून म्हणाली, "अरे, तो कॉम्प्युटरने काढलेला होता."

"मग झाड?"

"झाडपण."

मीही हसले. तोवर सगळं हसण्यासारखंच होतं.

फ्लॅट कोथरूडचा. १९८६ सालची सोसायटी, तीन मजली, लिफ्ट नाही, पण हा तळमजला. टू बीएचके, कार्पेट ६२० चौरस फूट, मोझॅकच्या फरशा, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा. घरमालक काका गेल्यावर काकू नाशिकला मुलीकडे राहायला गेल्या. सामान थोडं मुलीकडे, थोडं कामवाल्या मावशींना, उरलेलं भंगारवाल्याला. मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. मी एजंट, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. दहा महिने झाले तरी व्यवहार हलत नव्हता.

रिकामं घर विकणं अवघड असतं. सामान निघालं की खोली मोठी दिसायला हवी असं वाटतं, पण होतं उलटंच. नजरेला मापच सापडत नाही. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये उभं राहून लोक हमखास विचारतात, "यात डबल बेड बसेल का हो?" पाच बाय साडेसहाचा बेड बसून वर कपाटाला जागा उरते, पण ते डोळ्यांना पटत नाही. कितीतरी वेळा मी पर्समधून टेप काढून फरशीवर खडूने बेड आखून दाखवलाय. शिवाय घर भरलेलं असताना जे दिसत नाही ते रिकाम्या घरात ओरडायला लागतं. कॅलेंडरचा खिळा, फ्रिजमागची काळी रेघ, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातला तेलाचा डाग. आणि हल्ली लोक घर आधी अंगठ्याने बघतात. पहिला फोटो आवडला नाही की पुढे.

बिल्डर लोकांचं बरं असतं, ते सँपल फ्लॅट सजवतात. (तिथला बेड एकदा मोजून बघा. बऱ्याचदा नेहमीपेक्षा आखूड निघतो, आणि खोल्यांना दारंच नसतात, म्हणजे दार उघडायला जागा लागते हे तुमच्या लक्षातच येत नाही.) आमच्यासारख्या रिसेलवाल्यांना, जुनी घरं विकून देणाऱ्यांना, एका फ्लॅटसाठी भाड्याचं फर्निचर आणणं कुठलं परवडायला?

व्हर्च्युअल स्टेजिंगचं, म्हणजे फोटोतच फर्निचर घालायचं, काकूंच्या मुलानेच सुचवलं. "इथे सगळे तसंच करतात, ताई." पूर्वी हे काम कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून करायचा, फोटोत एकेक खुर्ची बसवायचा, एक-दोन दिवस लागायचे. आता रिकाम्या खोलीचा फोटो चढवायचा, खोली कुठली आणि स्टाइल कुठली ते निवडायचं, की अर्ध्या मिनिटात घर सजून तयार. एका फोटोचे शे-दीडशे रुपये.

स्टाइलची यादी वाचूनच मी गार पडले. स्कँडिनेव्हियन, फार्महाऊस, इंडस्ट्रियल, कोस्टल. दिवाण नाही, शोकेस नाही, देव्हारा नाही. पहिल्या झटक्यात सॉफ्टवेअरने हॉलमध्ये चक्क शेकोटी बसवली. कोथरूडमध्ये! सात बाय आठच्या स्वयंपाकघरात मधोमध संगमरवरी ओटा आणि भोवती उंच स्टुलं ठेवली. पोळ्या करणारी बाई आत शिरणार कुठून, याचा पत्ता नाही. बेडरूमचा बेड नेमका बाथरूमच्या दारात. आणि एकजात सगळ्या फोटोंमधून छताचे पंखे गायब.

पंखे का जातात हे माझ्या भाच्याने समजावलं. तो असल्याच कामात आहे. म्हणाला, "आत्या, ते फोटोवर सोफा चिकटवत नाही. तुझा फोटो बघून अख्खं चित्र नव्याने रंगवतं. शिकताना त्याने लाखो खोल्या पाहिल्यात, त्या जशा असतात तशी तुझी खोली करतं." म्हणजे त्यात जे सहसा नसतं ते पुसलं जातं. आमच्या घरात जे आहे ते त्याने फारसं पाहिलेलंच नाही.

दोन संध्याकाळी खपून नऊ फोटो जमवले. मोहरीच्या रंगाचा सोफा, कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड, खाली गालिचा. सोफ्यामागची भिंत कशी, मलईसारखी.

आता हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. ती भिंत मलईसारखी नाही. तिच्यामागे बाथरूम आहे, आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत तिला ओल आहे. रंगाचे पोपडे सुटलेत. फोटोत ते नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं. दोन बोटांनी फोटो मोठा करून मी ती जागा पाहिलीसुद्धा. मी काही ते पुसायला सांगितलं नव्हतं, मशीनने आपणहून पुसलं, असं स्वतःला सांगितलं आणि जाहिरात टाकली. खाली एक ओळ घातली, 'फोटोतील फर्निचर प्रातिनिधिक आहे.' फर्निचर. भिंतीबद्दल अक्षर नाही.

दहा महिन्यांत जेमतेम आठ फोन आले होते, एका आठवड्यात बावीस आले.

त्यातलेच हे. वाकडला भाड्याने राहणारं जोडपं, त्यांचा मुलगा, आणि वाईहून कायमच्या राहायला येणाऱ्या आजी. आजींच्या गुडघ्यांसाठी तळमजला हवा होता. नवरा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. फेब्रुवारी महिना, म्हणजे पाऊस थांबून चार महिने उलटलेले.

मुलाचं सोफा-झाड प्रकरण मिटलं. मी सोसायटीची माहिती सांगत होते. सून खिडकीतून बाहेरचं आंब्याचं झाड बघत होती. आजी मात्र एक शब्द न बोलता चालत गेल्या त्या थेट त्या भिंतीशी. तळहात सपाट टेकवला, क्षणभर तसाच ठेवला, मग उलटा करून बघितला. हाताला पांढरी भुकटी लागली होती.

"लोणा आलाय," त्या म्हणाल्या. मला नाही, हातालाच.

त्यांच्या मुलाने खिशातून मोबाइल काढला, जाहिरातीतला हॉलचा फोटो उघडला आणि भिंतीसमोर आडवा धरला. एकदा स्क्रीन, एकदा भिंत. शेजारी उभी असल्यामुळे मलाही दोन्ही दिसत होतं.

"ताई, हा याच भिंतीचा फोटो आहे ना?"

"हो... म्हणजे ते फर्निचर टाकताना सॉफ्टवेअरने—"

"फर्निचर टाकलेलं आहे ते आम्हाला कळलं. भिंत कोणी रंगवली?"

चौदा वर्षं या धंद्यात आहे. भाव पाडणारे, वास्तू बघणारे, टोकन देऊन पळणारे, सगळ्यांना उत्तरं देऊन झालीत. याला उत्तर नव्हतं.

आवाज न चढवता आजीच बोलल्या. "ओलीचं काय एवढं? आमचं घर कृष्णेच्या काठाला, जन्म ओलीतच गेला. पण आता मला बाकीचं घरसुद्धा तपासून घ्यावं लागणार, नाही का गं?"

आणि त्यांनी ते घेतलं. चाळीस मिनिटं. प्रत्येक नळ सोडून बघितला, फ्लश दोनदा ओढला, खिडक्यांच्या कड्या-कोयंडे लावून बघितले, काठीने फरशी ठोकत पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकलं. बेडरूमच्या छतातला बीमही फोटोत नव्हता, तो त्यांनी सुनेला बोट करून दाखवला. मी मागोमाग हिंडत होते, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरीसारखी.

पुन्हा हॉलमध्ये आल्या, मान वर केली आणि थबकल्या.

"अगंबाई, कड्या आहेत की!"

हॉलच्या छताला झोपाळ्याच्या चार लोखंडी कड्या आहेत, रंगाच्या पाच-सहा हातांखाली दबलेल्या. मी त्या इतक्यांदा पाहिल्यात की दिसेनाशाच झाल्या होत्या.

"फोटोत नव्हत्या या," सून म्हणाली.

नव्हत्या. मशीनने पुसल्या होत्या. त्याच्या लेखी तो पोपडा आणि या कड्या सारख्याच, चांगल्या खोलीत सहसा नसणाऱ्या गोष्टी. ओल गेलेली मी मोठी करून पाहिली होती, कड्या गेलेल्या माझ्या ध्यानातच आल्या नव्हत्या.

वॉचमनची शिडी आणवली. आजींचा मुलगा वर चढला, एकेका कडीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. हलली नाही. असल्या कड्या स्लॅब भरतानाच सळईला बांधून सोडतात. नंतर भोक पाडून ठोकलेला हूक वेगळा. आजींनी खालून विचारलं, "नक्की ना?" नातू तेवढ्यात झोका घ्यायच्या तयारीत उभा.

"कळवतो," म्हणून ते गेले. या धंद्यात 'कळवतो'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

दाराला आतून कडी लावून मी फरशीवर बसले आणि नऊच्या नऊ फोटो खोल्यांशी ताडून पाहिले. खिडकी वीतभर रुंद झालेली. स्विचबोर्ड दोन ठिकाणी नाहीत. मोझॅकच्या जागी लाकडी फरशी. बाल्कनीच्या पलीकडे शेजारच्या बिल्डिंगची भिंत आहे, तिथे धूसर झाडी. एजंट म्हणून माझी महारेराकडे, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे, २०२३ साली त्यांनी सुरू केलेली परीक्षाही मी दिलीय. २०१६च्या रेरा कायद्यात एजंटाने तोंडी, लेखी किंवा दिसेल अशा रूपात खोटी मांडणी करू नये, असं आहे. अभ्यास करताना 'दिसेल अशा रूपात' वाचून मला बिल्डरांची ब्रोशरं आठवली होती. चाळीस वर्षांच्या सोसायटीतला रिसेल त्या कायद्याच्या कचाट्यात कितपत येतो हा वकिलांचा विषय, पण मला त्या दिवशी वकील नको होता.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओल ना? ती बाथरूमच्या पाइपची. कधीची आहे. तू सांगितलं नव्हतंस त्यांना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. कड्यांचं सांगितल्यावर मात्र खुलल्या. स्लॅब पडत होता तेव्हा काका रजा काढून दिवसभर तिथे उभे होते म्हणे, कारण ठेकेदार दोनच कड्या टाकायला निघाला होता.

रात्री काकूंच्या मुलाचाही फोन आला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून नियम आलाय, घराच्या जाहिरातीतला फोटो असा बदलला असेल तर तसं स्पष्ट सांगायचं आणि मूळ फोटोही बघायला द्यायचा. "आधी सांगायला हवं होतं मी," तो म्हणाला. मी म्हटलं, हे कळायला मला कॅलिफोर्निया लागायला नको होता.

जाहिरात त्याच रात्री उतरवली. रविवारी उजेडात पुन्हा फोटो काढले, या खेपेला मोबाइलची वाइड लेन्स न वापरता. ती दहा फुटांच्या खोलीचं सभागृह करते. आता आधी रिकाम्या खोलीचा फोटो, लगेच तोच सजवलेला. सजवलेल्यावर चित्राच्या आतच ठळक अक्षरांत लिहिलं, 'फर्निचर काल्पनिक', कारण खालची ओळ कोणी वाचत नाही, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पुढे जातो तेव्हा ती ओळ मागेच राहते. भिंत, फरशी, खिडकी, पंखा यांना हात लागलेला दिसला की ते चित्र बाद. त्यामुळे पंधरा चित्रं करावीत तेव्हा दोन पदरात पडायची. ओलीचाही एक फोटो टाकला. माझ्यासोबत काम करणारा एजंट म्हणाला, "वेड लागलंय का तुला?" पुढच्या दोन आठवड्यांत फोन आले सहा.

हौस म्हणून झोपाळा टांगलेला एक फोटो करून बघितला. झोपाळा सुरेख यायचा, नक्षीचा पाट वगैरे, पण साखळ्या कड्यांपर्यंत पोहोचायच्याच नाहीत. कधी हवेत संपायच्या, कधी भिंतीत शिरायच्या, एकदा तर पंख्याला टांगला. सहा वेळा करून नाद सोडला आणि छताचा साधा फोटो टाकला, चार कड्या, बाकी काही नाही.

वाकडच्या मंडळींनी अकराव्या दिवशी खरंच कळवलं. मध्ये त्यांनी याच भागात चार फ्लॅट पाहिले होते. बाथरूम उखडून पाइप बदलणं आणि वॉटरप्रूफिंग यांचा अंदाज आजींनी वाईहून ओळखीचा प्लंबर आणून काढून घेतला होता, माझ्या प्लंबरवर भरवसा नव्हता हे उघड होतं. सत्तर हजार कमी करायला काकू तयार झाल्या. खरेदीखत एकट्या सुनेच्या नावावर करायचं, हेही आजींनीच ठरवलं. बाईच्या नावावर घेतलं की आपल्याकडे मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. नव्वद लाखांवर नव्वद हजार, म्हणजे ओलीपायी सुटलेल्या सत्तरापेक्षाही वीस जास्त.

दस्त नोंदवायला काकू नाशिकहून आल्या. दोघी म्हाताऱ्या बाकावर शेजारी बसल्या होत्या, नंबर यायला दोन तास होते. जुन्या झोपाळ्याचा पाट आणि साखळ्या नाशिकला मुलीच्या माळ्यावर पडून आहेत, तिच्या हॉलला कड्याच नाहीत, असं काकू सांगत होत्या. आजींनी विचारलं, देता का?

"नेता तर न्या की," काकू म्हणाल्या. "पण साखळ्या पितळी आहेत. त्यांचे पैसे वेगळे होतील हो."