सगळ्यांनी मिळून जेवायचं असेल तर आपण काय न्यायचं? माझा अनुभव

ऑफिसात महिन्यातून एकदा सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा आणि दुपारी एकत्र बसून खायचं असं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी हात वर करणारी मीच होते, आणि पहिल्याच वेळी तोंडावर पडणारीही मीच. पंधरा-सोळा माणसं, त्यात शाकाहारी आम्ही तिघंच. मी म्हटलं आपण काहीतरी भारी नेऊ, म्हणून सकाळी लवकर उठून व्हाइट सॉसचा पास्ता केला, त्यात चीज घालताना हात आखडता घेतला नाही आणि महिन्याअखेरीला खिशाला ते बरंच जाणवलं. घरून निघताना चव घेतली तर एकदम मस्त. दुपारी एकला झाकण उघडलं तर आत पास्ता नव्हताच, एक पांढरी वीट होती, चमचा उभा रोवला तर उभाच राहिला. मायक्रोवेव्ह एकच आणि त्यापुढे सहा डब्यांची रांग. त्यात वाढायला डाव न्यायचा विसरले होते, त्यामुळे लोकांनी चहाच्या चमच्याने ती वीट उकरून खाल्ली, बिचारे 'छान झालंय' म्हणाले पण अर्ध्याहून जास्त डबा परत घरी आला.

दुसऱ्या महिन्यात मी दुसऱ्या टोकाला गेले. स्वस्त आणि सोपं म्हणून काकडी-टोमॅटोची कोशिंबीर टाइप सॅलड नेलं, मीठ-लिंबू घरीच घातलं. मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या सकाळी डोक्यात आलं नाही. बसमध्ये पिशवी खालून ओली, मांडीवर थंडगार काहीतरी लागतंय, बघते तर काय! आणि खरा घोळ पुढेच होता, कारण त्या दिवशी अजून चार जणांनी सॅलडच आणलं होतं आणि पोटभरीचं जे काही होतं त्यात सगळ्यात मटण-चिकन. मी ब्रेड आणि स्वतःचंच पाणचट सॅलड खाऊन उठले. तेव्हा ठरवलं की आपण शाकाहारी असू तर आपला पदार्थ असा हवा की बाकी काहीच खाता आलं नाही तरी त्यावर आपलं जेवण व्हावं.

मग तिसऱ्या वेळी जरा शांतपणे विचार केला. गरम करायला लागू नये, चार तासांनी चव उतरू नये, उलट मुरून वाढावी, सांडू नये, आणि पोटाला आधार हवा. एवढं सगळं धरलं की फिरून फिरून कडधान्यावरच येतो माणूस. मी काबुली चणे घेतले, सुके, कारण डब्यातले शिजवलेले सोपे असले तरी तेवढेच सुके घेतले तर खूपच स्वस्त पडतात, फक्त आदल्या दिवशीपासून आठवण ठेवावी लागते. अर्धा किलो सुके चणे भिजून शिजले की किलोच्या वर जातात, बाकीचे पदार्थही असतातच त्यामुळे पंधरा जणांना आरामात पुरतात.

त्यातही पहिला घाणा बिघडलाच. मी शहाणपणा करून टोमॅटो चण्यांबरोबरच शिजायला टाकले, आणि दीड तास झाला तरी चणे हूं की चूं करेनात. आंबट असलं की कडधान्य लवकर मऊ होत नाही, हे मला त्या रात्री साडेअकरा वाजता कळलं. आता माझी पद्धत अशी की जेवण शुक्रवारी असेल तर बुधवारी रात्री भरपूर पाण्यात थोडं मीठ घालून भिजवायचे, गुरुवारी संध्याकाळी ते पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवायचे, चणे जुने वाटले तर चिमूटभर खायचा सोडा. एक चणा काढून अंगठा आणि बोटात दाबायचा, साल न फाटता आतून लोण्यासारखा चेपला गेला पाहिजे, मध्ये खरखरीत कणी लागली की अजून दहा मिनिटं. मग निथळून गरम असतानाच तेल, लिंबू, मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण घालायचा, कारण गरम चणा चव ओढून घेतो, गार झाल्यावर ती नुसती वरवर राहते. मोठ्या भांड्यात ढीग करून ठेवू नका, पसरट ताटात काढलं की लवकर निवतं, मग फ्रीजमध्ये. सकाळी बारीक चिरलेला कांदा, किसलेलं गाजर, कोबी आणि कोथिंबीर घालून परत चव बघायची. परत का, तर गार पदार्थात मीठ आणि आंबट कमी लागतं, रात्री बरोबर वाटलेलं सकाळी सपक लागतं.

हे चाललं. डबा रिकामा झाला, आणि तेही माझ्या ताटात यायच्या आत. मांस खाणारे लोक शाकाहारी पदार्थ आधी संपवतात हा अजून एक धडा, तेव्हापासून मी लाज न बाळगता पहिल्यांदा आपलं वाढून घेते.

त्यानंतर बटाटे नेले, मेयोनीज न घालता, उकडून गरम असतानाच तेल-लिंबात घोळवून. तेही छान टिकतात. पास्ताही परत नेला, पण सॉस न घालता तेल-लिंबाचा, आणि थोडं तेल-लिंबू वेगळ्या बाटलीत, कारण पास्ता सगळं पिऊन टाकतो. भाताचं सॅलड मात्र मी सोडून दिलं. शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला की त्यातले जिवाणू विष तयार करतात आणि परत गरम करूनही ते जात नाही. खरं तर कुठलाच शिजवलेला पदार्थ बाहेर 2 तासांच्या वर ठेवू नये म्हणतात, 32 अंशांच्या वर गरमी असेल तर 1 तासच, म्हणून माझा डबा ऑफिसच्या फ्रीजमध्ये जातो आणि जेवायच्या अर्धा तास आधी बाहेर येतो.

मैत्रीण म्हणाली मी हेच राजमा घालून स्लो कुकरमध्ये करते, तिला मी लगेच अडवलं. राजम्यात कच्चा असताना एक विषारी घटक असतो, तो जायला आधी भिजवून, पाणी फेकून, निदान 10 मिनिटं खळखळून उकळायलाच लागतो, स्लो कुकर तेवढा तापत नाही, आणि अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्याहून वाईट.

अजून एक. एकीने खास आमच्यासाठी म्हणून प्रेमाने पुडिंग आणलं, त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं. दुसऱ्याच्या डिशवर पार्मेझान चीज किसलेलं, आणि अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानेच, बनतं. त्यांना कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे रागही काय धरणार. मी आता डब्यावर चिठ्ठी चिकटवते, आत काय काय आहे ते सगळं, तीळ-दाणे असतील तर मोठ्या अक्षरात कारण एकाला दाण्याची ॲलर्जी आहे. दोन महिन्यांत बाकीचेही चिठ्ठ्या लावायला लागले.

डाव आता मी न विसरता नेते, दांड्याला लाल दोरा बांधून. मागच्या शुक्रवारी डबा धुऊन पुसून परत मिळाला, डाव नाही. हा तिसरा.