पी०१३५ सापडला, पण सेन्सरमध्ये नाही

मंडळी, दिवा विझला. गणपतीपासून डॅशबोर्डवर ठाण मांडून बसलेला पिवळा इंजिनाचा दिवा गेल्या रविवारी कुंभार्ली घाट चढून-उतरून आल्यावर आपसूक गेला. मी स्कॅनरने पुसला नाही, ईसीएमने (इंजिनाच्या संगणकाने) स्वतःहून विझवला. असा दिवा ज्यांनी महिनोन्‌महिने सोसलाय त्यांना यातला फरक सांगायला नको.

बुधवारी मात्र पेंडिंगमध्ये, म्हणजे दिवा लावण्याआधीच्या संशयितांच्या यादीत, बिघाडाचा दुसराच कोड येऊन बसला. त्याचं पुढे सांगतो, आधी पी०१३५ चं पुरं करू.

मागच्या वेळी इथवर आलो होतो: पी०१३५ म्हणजे पुढच्या ओटू सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटर सर्किटचा कोड, स्कॅनिंगवाल्याचा निर्वाळा की सेन्सर गेला, कोल्हापूरहून ३,८०० रुपयांना मागवलेला नवा सेन्सर, चार दिवस शांतता आणि पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा तोच कोड. त्या रात्री गाडीतल्या नव्याचा कपलर (वायरींचा प्लग) सोडला, डब्यात ठेवलेला जुना बाहेर काढला आणि दोघांच्याही हीटरच्या पांढऱ्या वायरींवर मीटर लावला. नवा ६.१ ओहम, जुना ५.९. म्हणजे जुन्याचा हीटर धडधाकट होता. खरेदीआधी हे मोजायला दोन मिनिटं पुरली असती. तुमच्यापैकी कोणाला हा कोड आला तर आधी कपलर सोडा, ओहम बघा, मग पैसे काढा.

सेन्सरच्या खरेदीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. दुकानदाराने आधी ‘युनिव्हर्सल’ पुढे केला होता, निम्म्या किमतीत, वायर कापून जोडायचा. घेऊ नका. आपल्या झिर्कोनिया सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरींच्या तारांमधल्या फटीतून आत जाते. जोडावर डाग दिला, ग्रीस थापलं किंवा कपलरमध्ये स्प्रे मारला की तोच रस्ता बुजतो. गाडीच्या मूळ कपलरसकट येणारा, पार्ट नंबर जुळणारा घ्या, आठवडाभर थांबावं लागलं तरी चालेल.

हीटर चांगला, तर मग सप्लाय. गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये मीटर लावला तर १२.४ व्होल्ट. फ्यूज शाबूत, रिले अदलाबदल करून पाहिला, ईसीएमकडची अर्थची वायर सलग. तीन रविवार मी हेच पुन्हा पुन्हा मोजत होतो आणि दर वेळी सगळं बरोबर येत होतं. कोड मात्र दमट सकाळी यायचा, कोरड्या दुपारी नाही. ईसीएम खराब आहे असं मानून जुन्या ईसीएमची चौकशीसुद्धा सुरू केली होती.

ही कोंडी आमच्या आळीतल्या वायरिंगवाल्या काकांनी फोडली. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “अरे, मीटर किती करंट ओढतो? काहीच नाही. त्याला एक तार धड असली तरी बारा दिसणार. लोड दे. एकवीसचा बल्ब लाव.”

हिशोब बघा किती नेमका आहे. सहा ओहमचा हीटर थंड असताना साधारण दोन अँपिअर ओढतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन. म्हणजे हीटरच्या जागी तो जवळजवळ तेवढाच लोड टाकतो. बल्बची एक वायर कपलरच्या प्लसला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला, म्हणजे ईसीएम वाटेतून बाजूला. इग्निशन ऑन केलं आणि बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर झाला, बस्स. मीटर तसाच लावलेला होता, त्यावर ५.१ व्होल्ट. तोच बल्ब बॅटरीवर लावला तर लख्ख. तीन रविवार जे बारा दिसत होते ते दोन अँपिअर मागितल्यावर पाच होत होते. मी तिथेच बोनेटला टेकून उभा राहिलो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी चुकीचं दिसलं होतं.

पुढचं काम सोपं, पण वेळखाऊ. बल्ब पेटता ठेवून फ्यूजच्या पायाशी मोजलं, १२.२. म्हणजे सात व्होल्ट फ्यूज आणि कपलर यांच्यामधल्या दीड-दोन मीटर वायरीत जात होते. बॅटरी काढण्याआधी हार्नेसच्या (टेप गुंडाळलेल्या वायरींच्या जुडग्याच्या) मध्यावर बारीक टाचणी टोचून पाहिलं. तिथे १२.१. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर ५.२. दोन टाचण्यांमध्ये हातभर जागा राहिली, बरोबर बॅटरी ट्रेच्या खाली. (टाचणीची भोकं नंतर लिक्विड टेपने बुजवा, नाहीतर नवीन दुखणं मागे लागेल.)

मग बॅटरी काढली, ट्रे काढला, पाइप बाजूला ओढले, टेप सोलली. आत कंपनीचा मूळ जोड, एका वायरीचे तीन फाटे: एक पुढच्या सेन्सरला, एक मागच्या सेन्सरला, एक पर्ज सोलेनॉइडला (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला). टेपच्या शेवटच्या वेढ्याबरोबर तांबूस, बारीक पूड हातावर पडली. मला वाटलं गंज. बोटांत चोळली तर मऊ लागली. गाळ होता. वाशिष्ठीचा.

चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ ही महापुराची तारीख सांगायला नको. त्या दिवशी ही गाडी बोनेटपर्यंत पाण्यात होती. मी तेव्हा सगळं केलं होतं: तेल दोनदा बदललं, सीटा काढून वाळवल्या, कपलर एकेक करून उघडून साफ केले, ईसीएम खोलून वाळवलं. पण टेपच्या आतल्या जोडापर्यंत कोण जातं? पाणी उतरलं, टेपने आतला ओलावा धरून ठेवला आणि तांबं इतकी वर्षं आतल्या आत खात राहिला. पुढच्या सेन्सरच्या फाट्याच्या तारांपैकी फक्त दोन शाबूत होत्या, बाकीच्या हिरव्या पुडीच्या. मागच्या सेन्सरचा फाटा जोडाच्या वरच्या बाजूला होता म्हणून वाचला. हातावरची ती पूड मी बराच वेळ झटकली नाही.

खराब भाग दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला, त्याच जाडीचा नवा तुकडा टाकला, क्रिम्प केला आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. ही स्लीव्ह साध्या स्लीव्हपेक्षा महाग पडते, पण कोकणात दुसरी वापरूच नका. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. बल्ब पुन्हा लावला. लख्ख, आणि मीटरवर १२.१.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला थंड इंजिनवर स्टार्ट. मोबाइलवर लाइव्ह डेटा, फक्त पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज. (स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर सेकंदाला मोजकीच रीडिंग देतो. चार आलेख एकदम लावाल तर एकही धड दिसणार नाही.) झिर्कोनिया साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय बोलत नाही, आणि तिथवर पटकन न्यायला हीटर असतो. आधी अडीच मिनिटं रेष मख्खासारखी सपाट असायची. या वेळी पस्तीस सेकंदांत हलली, मग ०.१ ते ०.८ असा झोका सुरू झाला. घरातल्यांना हाक मारून दाखवला.

आता नवा पाहुणा. तीन ट्रिप नीट गेल्यावर दिवा विझला आणि बुधवारी पेंडिंगमध्ये पी०१७१, सिस्टिम लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. हीटरचा कोड असेपर्यंत ईसीएमने मिश्रणाची चाचणी थांबवून ठेवली असणार, म्हणून हा आत्ता दिसला, असं मी धरून चाललो. ट्रिम म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते; शॉर्ट टर्म क्षणाक्षणाची, लाँग टर्म मुरलेली. आकडे असे: आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) लाँग टर्म ट्रिम +१६, अडीच हजार आरपीएमला +५.

पहिला संशय ई-२० वर (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) गेला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं आणि ट्रिम वर जातो. पण तसं असतं तर आयडल असो वा घाट, सगळीकडे सारखाच वर दिसला असता. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी, ही व्हॅक्यूम लीकची, म्हणजे फटीतून जादा हवा आत ओढली जाण्याची खूण. थ्रॉटल (हवेची झडप) मिटलेला असताना मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) ओढ सगळ्यात जास्त असते आणि एकूण हवा कमी, त्यामुळे बारीकशी फटसुद्धा मोठी ठरते. तेव्हा मागचा सेन्सर आणि कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) साफ करायची जी योजना होती ती पुढे ढकलली. या रविवारी बरणी, बेबी ऑइल आणि टायरचा पंप घेऊन घरगुती स्मोक टेस्ट (धूर भरून फट शोधायची) करायची असं ठरवलं होतं.

हे इथवर लिहिलं आणि वही चाळताना हात थांबला. डिसेंबरची नोंद: आयडल ट्रिम +४. म्हणजे लीक जुना नाही, आत्ताचा आहे. आणि मधल्या काळात मी हात लावला तो एकाच ठिकाणी, बॅटरी ट्रेपाशी. वर लिहिलंय बघा, ‘पाइप बाजूला ओढले’. त्यातला एक पर्ज सोलेनॉइडकडून मॅनिफोल्डला जाणारा.

लिहिणं थांबवून खाली जाऊन आलो. इंजिन आयडलला ठेवून तो पाइप मॅनिफोल्डच्या तोंडाशी बोटांनी दाबला. बारीकशी सुसू थांबली आणि शॉर्ट टर्म ट्रिम +२ वरून -९ वर गेला. लाँग टर्मला जुनी सवय अजून आहे, त्यामुळे शॉर्ट टर्म आता उलट ओढतोय. आरसा खाली धरला तर पाइपच्या बाकाला, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर दिसली. रबर कडक झालेलं, मी ओढल्यावर ते तडकलं. स्मोक टेस्ट रद्द.

पाइपला थोडी सैल लांबी आहे, म्हणून तात्पुरतं चिरलेलं टोक कापून उरलेला पुन्हा चढवलाय. हा पाइप पेट्रोलची वाफ वाहतो, त्यामुळे दुकानात मिळणारा साधा व्हॅक्यूमचा किंवा पारदर्शक पाइप मी लावणार नाही, इंधनाच्या दर्जाचाच हवा. आतला व्यास ६ मिलिमीटर, लांबी ३२ सेंटीमीटर, एका टोकाला काटकोनी बाक. बहाद्दूरशेख नाक्यावरच्या दोन्ही दुकानांत सरळ आहे, बाकाचा नाही. कोणाकडे शिल्लक असेल तर कळवा. उद्या सकाळी थंड इंजिनवर पुन्हा ट्रिम नोंदवतो.