जीडीसी गोळ्यांचं अपडेट: ग्रेन बाउंड्रीच सगळं खातेय

जीडीसी म्हणजे गॅडोलिनियम घातलेली सेरिया (सेरियम ऑक्साइड), ऑक्सिजन आयन वाहून नेणारं सिरॅमिक. मागच्या अपडेटनंतर त्याच्या दोन बॅच भाजून झाल्या, एक 10 टक्के गॅडोलिनियमची आणि एक 20 टक्क्यांची. दोन्ही साध्या सॉलिड स्टेट पद्धतीने, म्हणजे ऑक्साइड पावडरी मिसळा, दळा, भाजा, परत दळा. 10 ग्रॅमच्या बॅचला 10 टक्क्यांसाठी सेरिया 8.95 आणि गॅडोलिनिया (गॅडोलिनियम ऑक्साइड) 1.05 ग्रॅम लागतं, 20 साठी 7.92 आणि 2.08. गॅडोलिनिया हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे वजन करायच्या आधी 900 अंशांवर भाजून गरम असतानाच डेसिकेटरमध्ये टाका, नाहीतर काट्यावर 1.05 दिसेल पण त्यात गॅडोलिनिया कमीच असेल.

दळायला अगेट वापरत नाहीये, झिरकोनियाच्या बॉल्स आहेत. अगेट म्हणजे शेवटी सिलिकाच, आणि सिलिका थोडी जरी शिरली तरी ग्रेन बाउंड्रीवर (कणाकणांमधल्या सीमेवर) जाऊन बसते आणि ऑक्सिजन आयनांची वाट अडवते. पॉलिशिंगची स्वस्त सेरिया घेणाऱ्यांनीही हे बघा, त्यातली भेसळ बऱ्याचदा हीच असते.

माझी भट्टी कंथाल वायरची, 1250 च्या वर मी नेत नाही, आणि नुसत्या जीडीसीला घट्ट व्हायला 1400-1500 लागतात. म्हणून 1 टक्का कोबाल्ट ऑक्साइड घातलं, त्याने सिंटरिंगचं (पावडर भाजून घट्ट होण्याचं) तापमान बरंच खाली येतं. गोळी सगळीकडून साधारण 18 टक्के आकसली आणि आर्किमिडीज पद्धतीने (द्रवात बुडवून वजन करून) डेन्सिटी पूर्ण घट्ट गोळीच्या 94-95 टक्के आली, माझ्या भट्टीला एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी. कोबाल्टची पावडर फुफ्फुसाला वाईट, मास्क लावूनच हाताळा.

आता खरी गंमत मोजणीत आहे. दोन गॅडोलिनियम आत गेले की एक ऑक्सिजनची जागा रिकामी होते, आयन त्या रिकाम्या जागांवरून उड्या मारत जातो, त्यामुळे 20 टक्के म्हणजे दुप्पट रिकाम्या जागा आणि दुप्पट करंट असं वाटतं ना? तसं होत नाही. रिकामी जागा गॅडोलिनियमला चिकटून बसते आणि डोपंट (म्हणजे घातलेला गॅडोलिनियम) वाढला की ही चिकटाचिकटी वाढते. माझ्याकडे 200 अंशांना 20 टक्केवाली गोळी बल्कमध्येच (कणांच्या आतच) 10 टक्केवालीच्या मागे आहे, वर 600 कडे फरक मिटत जातो. म्हणून एकाच तापमानाचा आकडा टाकून "माझी गोळी भारी" म्हणण्यात अर्थ नाही, सिग्मा (वाहकता) गुणिले टी (केल्विनमधलं तापमान) चा लॉग विरुद्ध 1/टी असा ग्राफ काढा, उतार बघा, मग बोला.

माझा एलसीआर मीटर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या एसीने रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स मोजणारा) 1 मेगाहर्ट्झपर्यंतच जातो आणि 300 अंशांना ग्राफवरची बल्कची कमान (जितकी मोठी तितका रेझिस्टन्स जास्त) त्याच्या बाहेर पळालेली असते, म्हणून मी 150 ते 200 मध्ये मोजतो, तिथे बल्क आणि ग्रेन बाउंड्री दोन कमानी वेगळ्या दिसतात. कुठली कोणाची हे कपॅसिटन्सवरून कळतं, बल्क काही पिकोफॅरड, बाउंड्री नॅनोच्या आसपास आणि शेवटची शेपटी इलेक्ट्रोडची, ती मायक्रोमध्ये. साध्या डीसी मल्टिमीटरने हे तिन्ही एकाच आकड्यात कालवलेलं मिळतं, वर पोलरायझेशन (इलेक्ट्रोडपाशी चार्ज साठणं) वेगळंच. माझ्या दोन्ही गोळ्यांत बाउंड्रीची कमान बल्कपेक्षा मोठी आहे, डेन्सिटी चांगली असूनही, म्हणजे छिद्रांवर खापर फोडता येत नाही.

600 ला मात्र गोष्ट उलटी, 12 मिमीच्या पातळ गोळीचा रेझिस्टन्स काही ओहमवर येतो आणि वायरचाच रेझिस्टन्स मध्ये लुडबुड करतो, तिथे चार वायरी (करंटच्या दोन, व्होल्टेजच्या दोन) लावाच. इलेक्ट्रोड चांदीच्या पेस्टचा आहे, चांदी 962 ला वितळते त्यामुळे मी 750 च्या वर जात नाही.

पुढची बॅच 10 टक्क्यांचीच, पण ज्यादा शुद्ध सेरियाची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून. बाउंड्रीची कमान लहान झाली तर संशय पावडरवर पक्का, नाही झाली तर कोबाल्टचं प्रमाण अर्ध्यावर आणून बघतो. कोणी अर्धा टक्का कोबाल्ट घालून 1200 च्या खाली डेन्सिटी मिळवली असेल तर किती तास ठेवलं ते टाका ना.