काळी चार, काळी पाच आणि टॅक्सीचे भोंगे

लेकाकडे मिशिगनला दीड महिना राहिले. नायगारा झाला, शिकागो झालं. गर्दी आणि गारठा, दोन्हींनी जीव नको केला. मनात घर करून राहिली ती अ‍ॅन आर्बरमधली एक संध्याकाळ.

तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या संगीत विद्यालयाने 2013 पासून जॉर्ज गर्श्विनच्या रचना मुळातून तपासून त्यांच्या शुद्ध प्रती काढायचं काम हाती घेतलंय. जॅझला सिम्फनीच्या पंक्तीला बसवणारा हा ब्रुकलिनचा मुलगा 1937 मध्ये, अवघ्या 38 व्या वर्षी गेला.

हिल ऑडिटोरियममध्ये आम्हाला अगदी वरच्या बाल्कनीत जागा मिळाली. एवढ्या लांबून काय ऐकू येणार, म्हणून मी लेकावर चिडलेच. पण 1913 सालचं ते सभागृह असं बांधलंय की साडेतीन हजार खुर्च्या असूनही शेवटच्या रांगेत सूर जसाच्या तसा पोचतो.

विद्यार्थ्यांनी गर्श्विनची 1928 सालची ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ ही वाद्यवृंदाची रचना सुरू केली. तालवाद्यांपाशी उभ्या मुलीने भोंग्याचा रबरी फुगा दाबला. पॉं! जुन्या टॅक्सीचा भोंगा. असे चार.

मग लेकाने सांगितलं. गर्श्विनने स्वरलेखनात या भोंग्यांवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं लिहून त्यांच्याभोवती गोल काढले होते. लोकांनी ते स्वर समजून वर्षानुवर्षं तसेच भोंगे वाजवले. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत पांढरी सहा, सात, एक, दोन. इथल्या अभ्यासकांनी या रचनेची 1929 ची तबकडी कान देऊन ऐकली. अक्षरं ही नुसती भोंग्यांची नावं होती! खरे स्वर काळी चार, काळी पाच, वरची पांढरी दोन आणि खालची पांढरी सहा.

मी तीस वर्षं पेटी शिकवतेय. मांडीवर बोटं ठेवून ते चार स्वर दाबून पाहिले. काळी चार आणि काळी पाचला खालची पांढरी सहा अशी काही खुपते की रस्त्यातली खरी वर्दळ कानात शिरते. चार भोंग्यांसाठी एवढा जीव टाकणारी माणसं पाहून डोळे भरून आले. आपल्या नाट्यपदांच्या तबकड्यांवर कुणी असं बसेल का, हे मी परतीच्या वाटेवर लेकाला तीनदा विचारलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा पेटी उघडली. चारही पट्ट्या एकदम दाबल्या.