पपेनची पावडर नापास का होते

शहादा पट्ट्यातली पपई मुख्यतः खायच्या फळासाठी. पण कच्च्या फळाच्या चिकापासून पपेन, म्हणजे इतर प्रथिनं कापणारं प्रथिन (एन्झाइम), करायला घेतलं की एक तक्रार हमखास येते: पावडर दिसायला छान, तरी लॅबमध्ये ॲक्टिव्हिटी, म्हणजे कापायची ताकद, कमीच भरते. कारण शोधायचं तर या प्रथिनाची घडण बघावी लागते.

पपेन म्हणजे २१२ अमिनो आम्लांची साखळी. तिचे गुंडाळून दोन भाग होतात आणि मधे खोल खाच राहते. कापायचं प्रथिन या खाचेत बसतं. खाचेच्या एका काठाला २५व्या जागेवरचं सिस्टीन, समोरच्या काठाला १५९व्या जागेवरचं हिस्टिडीन. साखळीत ही दोघं एकमेकांपासून कितीतरी लांब. घडी पडते तेव्हाच शेजारी येतात. हिस्टिडीनच्या शेजारामुळे सिस्टीनच्या गंधकावरचा प्रोटॉन सुटतो. एरवी त्याला पीएच ८च्या वर जावं लागतं, इथे ४च्या आसपासच भागतं. असा मोकळा गंधक पेप्टाइड बंध, म्हणजे अमिनो आम्लांना जोडणारे दुवे, तोडतो. कुठे तोडायचं ते शेजारची खोबण ठरवते. तिला फेनिलअलानिनसारखी पाण्यापासून पळणारी बाजू मानवते. बाकी निवड ढिली, म्हणून मटणाला कच्ची पपई जास्त वेळ चोळून ठेवली की लगदा.

या साखळीत सिस्टीन सात. सहा आपसात जोड्या बांधून बसलेली, मोकळं एकच, आणि कापणारं तेच. हवेतला ऑक्सिजन आणि धातू नेमके त्यालाच गाठतात. चीक काढायचे सगळे नियम इथूनच येतात.

फळ ७५ ते ९० दिवसांचं घ्यावं. सकाळी दहाच्या आत, चीक चांगला वाहतो तेव्हा, स्टेनलेस पात्याने ३ मिलिमीटर खोल चार उभ्या चिरा द्याव्यात. त्याच फळाला पुन्हा हात ३-४ दिवसांनी. भांडं प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं. तांब्या-लोखंडाचं अजिबात नको. किलोभर चिकाला अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं की ऑक्सिडेशनला आळा बसतो. वाळवणं ५० ते ५५ अंशांवर, ड्रायरमध्ये. जळगाव-भुसावळचं मे महिन्याचं ऊन फुकट मिळतं खरं, पण उघड्या हवेत तासन्‌तास पडलेला चीक ॲक्टिव्हिटी गमावतो. हातमोजे आणि मास्क घालायलाच हवेत: चीक कातडी खातो, पावडर श्वासातून गेली तर ॲलर्जी होते.

नापास पावडर टाकून देण्याआधी एक चाचणी करावी. १ टक्का द्रावणाचे दोन भाग करा. एकात १०० मिलीला ०.३५ ग्रॅम सिस्टीन हायड्रोक्लोराइड आणि थोडं ईडीटीए घाला. सिस्टीन ऑक्सिडाइझ झालेला गंधक पुन्हा मोकळा करतं, ईडीटीए धातू धरून ठेवतं. पीएच ६ ते ६.५ करून अर्धा तास थांबा. मग ४० अंशांच्या दुधात दोन्ही सारख्याच मापाने घाला. दूध सायविरहित पावडरचं, १०० मिली पाण्यात १० ग्रॅम. सिस्टीनवालं लवकर फाटलं आणि दुसरं रेंगाळलं तर गंधक फक्त ऑक्सिडाइझ झालाय, माल सुधारतो. दोन्ही तसेच राहिले तर घडी उलगडली आहे, नाहीतर ऑक्सिडेशन परत फिरणार नाही इतकं पुढे गेलंय; तो लॉट गेला.

तिसऱ्या ग्लासात पपेनशिवाय नुसतं सिस्टीन-ईडीटीएचं द्रावण घालून बघायला विसरू नका. पीएच जुळवायचा राहिला तर त्या आम्लानेच दूध फाटतं आणि मेलेली पावडर जिवंत वाटते.